आधी घरी जा, मग अर्पण आणा

(अंजनगाव सुर्जी येथे भरलेल्या कुटुंब मेळाव्यातील व्याख्यान)



मेळघाटातील सेवाकार्यासाठी प्रार्थना करणारी आणि आपल्या कमाईतून अर्पण देणारी आपण माणसे आज येथे जमलो आहोत. मला विषय दिला आहे 'ख्रिस्ती संसारात पापकबुली आणि पश्चात्ताप'. कोणाला वाटेल, आदिवासी सेवेच्या सभेत नवराबायकोच्या भांडणाचे काय काम? कुपोषणावर बोला, शाळेवर बोला, दवाखान्यावर बोला. पण अर्पण आणि घरचे भांडण यांची सांगड प्रभू येशूनेच घातली आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात, तेविसाव्या आणि चोविसाव्या वचनांत तो सांगतो की, वेदीपाशी अर्पण घेऊन गेल्यावर आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे हे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवावे, आधी जाऊन समेट करावा आणि मग परत येऊन ते वाहावे.

या वचनातली एक गोष्ट आपण घाईत वाचून पुढे जातो. माझ्या मनात दुसऱ्याविषयी राग आहे का, हे इथे विचारलेले नाही. दुसऱ्याच्या मनात माझ्याविषयी काही आहे का, हे आठवायला सांगितले आहे. आणि 'भाऊ' म्हटले की आपल्याला शेताच्या धुऱ्यावरचा भाऊबंद आठवतो. एकाच चुलीवरची भाकर खाणारा, एकाच छपराखाली झोपणारा माणूस आठवत नाही. तो तर सर्वांत जवळचा.

तह आणि समेट

आपले गाव इतिहासाच्या पुस्तकात एका तहामुळे आले आहे. १५ डिसेंबर १८०३ रोजी इंग्रजांनी आपल्या वरच्या डोंगरातला गाविलगड घेतला आणि ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंद्यांनी इंग्रजांशी सुर्जी-अंजनगावचा तह केला. गंगा-यमुनेचा दुआब गेला, भडोच गेले, अहमदनगरचा किल्ला गेला. कोणी काय सोडायचे, कुठपर्यंत कोणाची हद्द, हे सगळे कागदावर आले. मने मात्र जुळली नाहीत. चौदा वर्षांनी मराठे आणि इंग्रज यांच्यात पुन्हा युद्ध पेटले.

तह असाच असतो. लढून थकलेली माणसे तो करतात. त्यात हद्दी ठरतात, पण चुकले कोणाचे हे कोणी बोलत नाही. आपल्या कितीतरी घरांत असा तह झालेला आहे. तू माझ्या आईविषयी बोलू नको, मी तुझ्या भावाने नेलेल्या पैशांविषयी बोलणार नाही. तू माझ्या पिण्याविषयी विचारू नको, मी तुझ्या माहेरच्या फेऱ्या मोजणार नाही. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, किती शांत घर आहे! दोघे रविवारी एका बाकावर बसतात, एकाच गीतपुस्तकातून गातात. पण घरात बोलायच्या गोष्टी कमी कमी होत जातात आणि शेवटी भाजी काय करायची आणि गॅस कधी संपला, एवढ्याच उरतात.

समेटाला तहाची वाट चालत नाही. समेट कबुलीतून येतो.

कबुली म्हणजे काय

नवऱ्याने देवासमोर बायकोवर दोष कसा टाकला, हे आपण उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात पाहावे. देव आदामाला विचारतो की तू ते फळ खाल्लेस का. प्रश्न सरळ होता, उत्तर 'होय' एवढेच होते. आदामाने आधी बायकोचे नाव सांगितले, आणि ती देवानेच दिली होती याचीही आठवण करून दिली. मग शेवटी, मी खाल्ले. हव्वेने सर्पाचे नाव सांगितले. तेव्हापासून आजपर्यंत आपल्या घरांत हेच चालले आहे. 'मी ओरडलो खरा, पण तू तसं बोललीच काहून?' यात कबुली अर्ध्या वाक्याची आहे आणि आरोपही अर्ध्या वाक्याचा, पण लक्षात राहतो तो आरोप.

आता दाविदाकडे पाहा. नाथान संदेष्टा त्याच्यासमोर उभा राहिला. दावीद राजा होता, त्याला शंभर सबबी देता आल्या असत्या. त्याने एकही दिली नाही. दुसऱ्या शमुवेलाच्या बाराव्या अध्यायात त्याची कबुली एका लहानशा वाक्यात संपते. कबुलीचे वाक्य लहानच असते. ते लांबायला लागले की समजावे, त्यात सबब शिरली आहे.

'काही चुकलं असेल तर माफ कर' ही कबुली नव्हे. यात काय चुकले ते नाही, आणि चुकले की नाही याचीही शंका आहे. 'तुला वाईट वाटलं असेल तर' यात तर दोष ऐकणाऱ्याच्या मनावरच टाकला आहे. खरी कबुली पापाला त्याच्या नावाने हाक मारते. 'मी काल तुझ्या बहिणीसमोर तुला अडाणी म्हटलं. ते माह्यं चुकलं.' एवढे पुरे. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात एकमेकांजवळ पापे कबूल करून एकमेकांसाठी प्रार्थना करायला सांगितले आहे. देवाजवळ गुपचूप कबूल करून मोकळे व्हावे आणि जिला दुखावले तिला काहीच सांगू नये, अशी सोय प्रेषिताने ठेवलेली नाही.

इथे पुरुषमंडळींना थोडे थांबून सांगतो. आपल्याकडे बायकोची माफी मागणे म्हणजे तिच्यापुढे वाकणे, असे समजतात. चौकात चेष्टा होते. आपण मात्र इफिसकरांस पत्रातला पाचवा अध्याय लग्नात वाचून घेतो आणि पती मस्तक आहे हे शब्द बरोबर ध्यानात ठेवतो. त्याच अध्यायात एकविसावे वचनही आहे, ते एकमेकांच्या अधीन राहायला सांगते. आणि पंचविसावे वचन पतीपुढे ख्रिस्ताचे उदाहरण ठेवते, ज्याने मंडळीसाठी स्वतःला दिले. मस्तक असेल त्याने कबुलीत पहिले पाऊल टाकावे, हाच त्याचा मान. बहिणींनाही सांगतो. क्षमा करण्याचे काम बाईचे आणि चुकण्याचे काम बाप्याचे, अशी वाटणी शास्त्रात नाही. मुलांसमोर नवऱ्याला हिणवणे, महिनामहिना अबोला धरणे, पैसे लपवणे हीदेखील नावाने कबूल करायची पापे आहेत.

टिळक दांपत्य

मराठी ख्रिस्ती संसाराचे सर्वांत खरे चित्र पाहायचे तर रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई यांच्याकडे जावे लागते. त्यांचे लग्न १८८० साली झाले. पुढे नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने टिळकांच्या हाती नवा करार दिला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. आपण या दिवसाची आठवण आनंदाने करतो. लक्ष्मीबाईंसाठी मात्र तो घर मोडल्याचा दिवस होता. लहान दत्तूला घेऊन त्या नातेवाइकांकडे राहिल्या. काही वर्षे पतिपत्नी वेगळी होती. त्या दुःखातून त्यांनी कविता केल्या.

मग त्या पतीकडे आल्या, तेव्हा ख्रिस्ती होऊन आल्या नाहीत. त्या आपले सोवळेओवळे घेऊन आल्या आणि टिळकांनी ते पाळायची मोकळीक त्यांना दिली. जबरदस्ती केली नाही. एका छपराखाली दोन रिती चालल्या. लक्ष्मीबाईंनी स्वतः विचार करून जातिभेद सोडला आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला. एवढे मोठे दुखणे भरून यायला शब्द पुरत नाहीत, दुसऱ्याला त्याच्या वेळेने चालू देण्याचे धैर्य लागते. पश्चात्तापाचे फळ कसे दिसते, ते मला या वाट पाहण्यात दिसते.

आणखी एक गोष्ट. टिळक ९ मे १९१९ रोजी प्रभूकडे गेले. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'चे भाग १९३४ पासून निघू लागले. त्यात टिळकांचा तापट स्वभाव आहे, पैशाविषयीची बेफिकिरी आहे, दोघांची भांडणे आहेत. लक्ष्मीबाईंचा स्वतःचा हट्ट आणि भोळेपणाही तितकाच उघडा आहे. तरी पुस्तक वाचून टिळकांविषयीचा आदर कमी होत नाही. प्रेम करणारा माणूस खरे बोलतो तेव्हा ते खरे बदनामीसारखे वाटत नाही. आणि टिळकांचे 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले, ते लक्ष्मीबाईंनीच पुढे नेले. ज्या धर्मांतराने त्यांचा संसार मोडला होता, त्याच ख्रिस्ताचे चरित्र त्यांनी पतीच्या मागे लिहिले. समेट कुठवर जाऊ शकतो, हे यावरून कळावे.

लपवलेले कर्ज

आता आपल्या वऱ्हाडातल्या एका पापाचे नाव घेतो. त्याला आपण पाप म्हणत नाही, काळजी म्हणतो. कपाशी गेली, सोयाबीनला भाव नाही, संत्र्याची फळगळ झाली. बँकेचे कर्ज थकले, मग सावकाराकडे जाणे झाले, मग बायकोचा दागिना गहाण पडला. तिला सांगितले, 'लॉकरमध्ये ठेवला आहे.' आपल्या भागातल्या शेतकरी आत्महत्यांविषयी इतकी वर्षे वाचतो आहोत. त्या घरांतल्या कितीतरी बायांना कर्जाचा खरा आकडा नवरा गेल्यावर कळला. दारात सावकार उभा राहिला तेव्हा कळला.

मी त्या मेलेल्या माणसांना दोष देत नाही. कर्ज होणे हे पाप नव्हे, आणि त्यांच्यावर जे ओझे आले ते आणण्यात बाजाराचा, पावसाचा, व्यवस्थेचा वाटा आहे. पण ओझे एकट्याने वाहायचे, बायकोला कळू द्यायचे नाही, कळले तर आपली किंमत जाईल, हा जो अभिमान आहे तो आपल्याला मारतो. भावांनो, ज्याच्या घरात असा आकडा लपलेला असेल, त्याने आज रात्री तो सांगावा. पासबुक, सावकाराची चिठ्ठी, सोसायटीची नोटीस, सगळे खाटेवर मांडावे. ती रडेल, रागावेल, दोन दिवस बोलणार नाही. पण तिसऱ्या दिवशी त्या कर्जाला दोन माणसे असतील. बहिणींनो, असा आकडा ऐकाल तेव्हा पहिला शब्द जपून बोला. त्याने तो सांगायला किती दिवस काढले, हे लक्षात असू द्या. आणि त्याच्या बोलण्यात जगण्याचा कंटाळा दिसला, तर त्याला एकटे सोडू नका. पाळकांना बोलवा, डॉक्टरांकडे न्या.

पश्चात्तापाला हातपाय असतात

पश्चात्ताप हा शब्द पश्चात् आणि ताप यांचा मिळून झाला आहे, मागाहून होणारा ताप. पण शास्त्रात नुसता ताप पुरेसा नाही, तिथे मागे फिरणे आहे. वाट चुकली हे कळून रस्त्यातच रडत बसलेला माणूस अजून फिरलेला नाही. लूकच्या तिसऱ्या अध्यायात लोकांनी बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला विचारले, आम्ही काय करावे? त्याने दोन अंगरखे असणाऱ्याला एक द्यायला सांगितले, जकातदाराला जास्त वसुली थांबवायला सांगितली, शिपायाला जुलूम सोडायला सांगितले. ज्याचे जे पाप, त्याला ते काम. जक्कयाने तर चौपट परत करण्याचे वचन दिले.

संसारातही तसेच. दारूचे पाप असेल तर पश्चात्ताप म्हणजे त्या रस्त्याने घरी न येणे आणि व्यसनमुक्तीच्या उपचाराला जाणे. फोनवरचे लपवाछपवीचे बोलणे असेल तर तो नंबर बंद करणे आणि फोन उघडा ठेवणे. चारचौघांत अपमान केला असेल तर त्याच चारचौघांत शब्द परत घेणे. पैसे घेतले असतील तर दर महिन्याला ठरलेली रक्कम परत ठेवणे. आणि भरवसा लगेच परत मागू नये. सहा महिने भिजलेली भिंत एका उन्हाने वाळत नाही.

इथे एक सूचना आवश्यक आहे. जिथे मारहाण होते, तिथे 'क्षमा कर आणि परत जा' असे सांगणे हा शुभवर्तमानाचा गैरवापर आहे. क्षमा मनात करता येते, पण जीव धोक्यात घालायला प्रभूने सांगितलेले नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा २००५ साली झाला, १८१ हा महिलांसाठी मदतीचा क्रमांक आहे. मंडळीने अशा बहिणीला आधी सुरक्षित जागा द्यावी. मारणाऱ्याचा पश्चात्ताप खरा असेल तर तो तिच्या दूर राहण्याला हरकत घेणार नाही.

ऐकणाऱ्याच्या भाषेत

मेळघाटात काम करायला आलेल्या जुन्या मिशनऱ्यांपैकी जॉन ड्रेक यांनी कोरकू भाषेचे व्याकरण लिहिले. ते १९०३ साली छापले गेले. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, मराठी-हिंदीशी तिचे नाते नाही. ज्या माणसाशी बोलायचे त्याची भाषा आधी शिकावी लागते, एवढे त्यांना कळले होते. पतिपत्नीलाही हे लागू आहे. एकाला शब्दांत माफी हवी असते, दुसऱ्याला सोबत बसून ऐकणारे कोणी हवे असते. नवरा माफी म्हणून संत्र्याची पिशवी आणून ठेवतो आणि तिला वाटते, विषय टाळला. कबुली ऐकणाऱ्याला कळेल अशा भाषेत हवी. म्हणून कबुली देताना एक प्रश्न विचारावा, 'माझ्या वागण्यानं तुला काय काय सोसावं लागलं?' आणि मग मध्ये न बोलता ऐकावे.

ऐकणाऱ्यानेही 'जाऊ दे न आता' म्हणून वेळ मारून नेऊ नये. 'मी क्षमा केली' असे स्पष्ट म्हणावे. आज जमत नसेल तर 'मला थोडा वेळ दे' म्हणावे, तेही खरे बोलणे आहे. आणि एकदा क्षमा केली की पुढच्या भांडणात ते गाठोडे पुन्हा सोडू नये.

ही कबुली दोघांची असते, ती साऱ्या गावाची करू नये. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्तिसदनात १९०५ साली आत्म्याचे मोठे जागरण झाले, मुलींनी सर्वांसमोर रडून पापे कबूल केली. ते देवाचे काम होते. पण त्याचे निमित्त करून प्रार्थनासभेत उभे राहून बायकोचे दोष साक्षीच्या नावाने सांगू नयेत. जिच्याविरुद्ध चुकलो तिच्याजवळ बोलावे. दोघांच्याने सुटत नसेल तर पाळक किंवा एखादे विश्वासू वडीलधारे जोडपे, एवढेच मध्ये घ्यावे.

मेळघाट पाहतो आहे

आता शेवटचे. कोरकूंच्या पारंपरिक गावात घरे समोरासमोर दोन रांगांत असतात, मध्ये रस्ता. बांबूच्या कुडाच्या भिंती. तिथे राहणाऱ्या आपल्या सेवक जोडप्यांचे भांडण आख्ख्या रांगेला ऐकू जाते. ते लपवता येत नाही आणि लपवूही नये. पण ज्यांनी भांडण ऐकले, त्यांना समेटही दिसू द्यावा. नवरा संध्याकाळी ओट्यावर बसून बायकोला 'माझी चूक झाली' म्हणतो, हे समोरच्या ओट्यावरून दिसले, तर शुभवर्तमान काय आहे हे दहा प्रवचनांपेक्षा लवकर कळते. आपण देणारे आणि ते घेणारे, आपण शिकवणारे आणि ते शिकणारे, असा गैरसमजही त्यातून गळून पडतो. कारण पापकबुलीच्या जागी सगळे एकाच पायरीवर उभे असतात.

म्हणून या तिमाहीच्या अर्पणाविषयी माझी एक विनंती आहे. प्रत्येक कुटुंबाला पाकीट मिळाले आहे. ते भरण्याआधी नवराबायकोने दहा मिनिटे समोरासमोर बसावे. टीव्ही बंद, फोन दुसऱ्या खोलीत. प्रत्येकाने एकच पाप नावाने कबूल करावे, भरपाईचे एक काम ठरवावे, क्षमा मागावी आणि एकमेकांचा हात धरून प्रार्थना करावी. पेत्र आपल्या पहिल्या पत्रात बजावतो की बायकोला मान न देणाऱ्या पतीच्या प्रार्थनांना अडथळा येतो. मेळघाटातल्या लेकरांसाठी केलेल्या आपल्या प्रार्थनांना आपल्याच घरात अडथळा असू नये.

कोणाच्या घरी ते एका आठवड्यात जमले नाही, तर पाकीट बायबलमध्ये तसेच ठेवा. मिशनला पैशाची गरज आहे, हे मला ठाऊक आहे. तरी अर्पण एक महिना उशिरा आले तर चालेल. प्रभूने क्रम ठरवून दिला आहे, आधी समेट आणि मग अर्पण. पण परत यायलाही त्यानेच सांगितले आहे, तेवढे विसरू नका.

देव आपल्या प्रत्येक घराला खरे बोलण्याचे धैर्य आणि क्षमा करण्याचे मन देवो. आमेन.